पाचव्या पानावरचा उखाणा

उखाणा छापला म्हणून संपादकांची बोलणी खाल्लेली पत्रकार मराठीत बहुधा मी एकटीच असेन. बोलणी खाताना मला हसू आवरत नव्हतं आणि देताना त्यांना. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘स्त्रिया आणि उच्च शासकीय पदे’ या विषयावर विचारप्रवर्तक लेख मागितला आहे. तसले लेख मी उमेदीत पुष्कळ लिहिले. त्यांनी कोणाचेही विचार प्रवृत्त झाल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा उखाण्याचीच गोष्ट सांगते.

गिरगावातल्या एका दैनिकात मी लागले तेव्हा संपादकीय खात्यात बाई म्हणून मी एकटीच होते. आमचे संपादक भाऊसाहेब. धोतर, कोट, तपकीर आणि अग्रलेख, हा त्यांचा संसार. त्यांनी मला टेबल दिलं जिन्याच्या तोंडाशी आणि पान दिलं पाचवं, म्हणजे शनिवारचं महिला पान. “बाई, तुम्हाला योग्य वाटेल ते घाला,” म्हणाले. केवढा हा विश्वास, असं वाटून मी घरी जाऊन आईला साखर वाटायला लावली. महिन्याभरात उलगडा झाला. ते पान कचेरीत कोणी वाचतच नव्हतं.

आजच्या वाचकांना जरा समजावून सांगते. तेव्हा अक्षर न् अक्षर शिशाच्या खिळ्यांनी जुळवावं लागे. बातम्यांची पानं अगदी शेवटपर्यंत उघडी ठेवत, कारण कुठे काय घडेल सांगता येत नसे. महिला पान मात्र गुरुवारीच जुळवून, आवळून बाजूला ठेवून देत. भरल्या वांग्यात दोन दिवसांत काय मोठा फरक पडणार! बाकीच्या पानांची प्रुफं उपसंपादक वाचत, मग भाऊसाहेब वाचत, मग एकमेकांच्या चुका काढत भांडत. माझ्या पानाचं प्रूफ मीच वाचायचे आणि आमचे मालवणी फोरमन पेडणेकर ते मशीनवर चढवायचे. भाऊसाहेबांचा हात पहिल्या पानावरून उडी मारायचा तो थेट अग्रलेखावर.

पानावर पाककृती असत, क्रोशाचे नमुने असत, लहान मुलांच्या खोकल्यावर काढे असत. आणि सगळ्यात लाडकं सदर म्हणजे ‘नाव घ्या’. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला बायका नवऱ्याचं नाव दोन ओळींत गुंफून घेतात ते उखाणे वाचकभगिनी पाठवत, मी निवडून छापत असे. मुंबईतल्या चाळीचाळींत ते सदर तोंडपाठ असे. पुरुषांना त्याचा पत्ताही नव्हता.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबईसह महाराष्ट्र होणार की नाही, यावर सारी मुंबई पेटलेली. रोज मोर्चे, रोज सभा, अधूनमधून जमावबंदी. आमचे अर्धे बातमीदार मोर्चाची बातमी आणायला जात आणि मोर्चातच सामील होऊन पकडले जात. त्यामुळे माणसं कमी पडली की भाऊसाहेब नाइलाजाने माझ्याकडे पाहत आणि मी पर्स उचलून उभीच असे. अशाच एका दिवशी परळच्या एका गिरणीत सरकारी तपासणी होती, तिथे मला धाडलं, आणि तिथे मला फर्नांडिसबाई भेटल्या.

गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या सोयी तपासणारं सरकारचं एक खातं होतं. त्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून पेन्शन घेताहेत आणि दिवाळी अंकही वाचतात. ॲग्नेस फर्नांडिस त्या खात्यात दुय्यम अधिकारी. गिरगावच्याच एका वाडीतल्या, पिढ्यान् पिढ्या मुंबईकर, घरात मराठीच बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. अंगावर फ्रॉक, पायांत चपटे बूट, आणि चालणं असं की मागचे कारकून धावत.

गिरणीत बाळंतिणींच्या पोरांसाठी पाळणाघर हवं असा कायदा होता. त्या दिवशी मॅनेजरने मोठ्या थाटात पाळणे दाखवले. स्वच्छ दुपटी, खुळखुळे, एका पाळण्यात गुटगुटीत बाळ. फर्नांडिसबाई वाकल्या, बाळाच्या गालाला हात लावला आणि मॅनेजरला म्हणाल्या, “हे बाळ सकाळी लालबागच्या गिरणीत होतं. याची बदली कधी झाली?”

मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तपासणी असली की दोन्ही गिरण्या मिळून एकच बाळ आणि तेच पाळणे हातगाडीवरून फिरवत! बाई त्यावर ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. बाळाला उचलून घेतलं, मॅनेजरच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “खरं पाळणाघर उघडेपर्यंत हे तुमच्या केबिनमध्ये राहील.” बाळानेही प्रसंग ओळखून मॅनेजरचा कोट ओला केला. पंधरवड्यात दोन्हीकडे पाळणाघरं उघडली. मी हसत हसत कचेरीत आले आणि तशीच बातमी लिहिली. भाऊसाहेबांनी ती पाचव्या पानावर घातली, कारण काय, तर बाळ होतं!

बाईंची माझी गट्टी जमली. तेव्हा कळलं, की त्या खात्याचे प्रमुख निवृत्त होऊन केव्हाच घरी गेले होते आणि सारं काम ‘तात्पुरतं’ फर्नांडिसबाईच पाहत होत्या. कामाची जबाबदारी त्यांच्यावर, हुद्दा मात्र रिकामा. आता त्या हुद्द्यावर एक गृहस्थ यायचे होते, ज्यांना काम बाईंनीच शिकवलेलं होतं. आणि ते आले की बाईंची रवानगी रेकॉर्डच्या खोलीत व्हायची होती, म्हणजे गिरण्यांतलं फिरणं कायमचं बंद.

“तुम्ही काही करत का नाही?” मी विचारलं.

“करते ना गो. रोज कामावर जाते,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ते रेकॉर्डच्या खोलीत बसवतील ना, तर मी मरेन. खरंच सांगते.”

एवढी धडधाकट बाई, आणि असं बोलली. मला रडूच आलं आणि मग भयंकर राग आला. राग आला की मी लिहिते. ‘वरच्या हुद्द्यांवर बायका का नाहीत?’ अशी लेखमालाच सुरू केली. एका मोठ्या अधिकाऱ्याला भेटले. त्याने आधी विचारलं, मी कोणाची मिसेस. कोणाचीच नाही म्हटल्यावर चहा मागवायचा राहिला. मग अतिशय सौजन्याने म्हणाला, “बाई, आमचा विरोध नाही हो. पण त्या मजल्यावर लेडीजची सोय नाही ना!” म्हणजे सरकारातल्या बायकांची सारी प्रगती एका मोरीच्या कडीवर अडली होती. ते मी जसंच्या तसं छापलं. पण पाचव्या पानावर. सरकारसाठी वर्तमानपत्रांची कात्रणं कापणारा कारकूनही आमच्या भाऊसाहेबांसारखाच होता, पाचवं पान उघडत नसे. लेखमाला संपली, कोणाचा केसही हलला नाही.

तो हुद्दा भरण्याची सही ज्यांची, त्या मंत्र्यांना मी गजाननराव म्हणते. मराठी माणूस, पण सरकारात राहिलेले, म्हणून चळवळीच्या दृष्टीने गद्दार. ते जातील तिथे काळी निशाणं. आमचं दैनिक रोज पहिल्या पानावर त्यांचा राजीनामा मागे. त्यांच्याकडे शब्द कोणी टाकायचा?

लालबागच्या परबकाकूंनी तोड काढली. काकू गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या आणि बाईंमुळे त्यांचं नातवंड पाळणाघरात सुखाने झोपत होतं. त्या म्हणाल्या, “संक्रांत झालीय. बायकांचं हळदीकुंकू करू नि मंत्र्याच्या बायकोला बोलावू.”

चाळीत हलकल्लोळ झाला. “परवाच त्याच्या नावानं बोंबललो आपण!”

“नवऱ्याच्या नावानं बोंबललो. तिच्या नव्हे,” काकू म्हणाल्या, आणि विषय मिटला.

दुसरी अडचण नायगावच्या बीडीडी चाळीतल्या सखूबाई कांबळ्यांनी काढली. गिरणी कामगार बायकांत त्यांचा शब्द चाले. “आमी आता बौद्ध झालोय. हळद नाय न् कुंकू नाय. पण बाईचं काम असंल तर सगळी चाळ घिऊन येते. मला काय लावू नका म्हंजे झालं.” शिवाय बाईंसाठी जीव टाकणाऱ्यांत निम्म्या विधवा, त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? आणि जिच्यासाठी सगळं, ती फ्रॉकवाली! काकूंनी क्षणभर डोकं खाजवलं. “ज्यांना पाहिजे त्यांना कुंकू, तिळगूळ नि फूल सगळ्यांना. कोण विचारतंय बघतेच.” कोणी विचारलं नाही.

आमंत्रण घेऊन मलबार हिलला मीच गेले. मंत्र्यांच्या पत्नी स्वतः दार उघडायला आल्या. मी त्यांना वहिनी म्हणू लागले ते त्या दिवसापासून. आमंत्रण ऐकून त्या पाहतच राहिल्या. “मला? अहो, मी कोणाची बायको आहे ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“दोन वर्षं झाली, कोणी बोलावलं नाही हो मला. सख्ख्या मावसबहिणीनंसुद्धा नाही.” आणि त्यांनी माझा हात जो धरला तो सोडेनात. मी गेले होते डाव साधायला, आणि तिथे उभी राहून मला त्या बाईचीच माया वाटू लागली. सरकारी गाडीवर दगड येतील म्हणून आम्ही टॅक्सीने जायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी लालबागला नेमकी जमावबंदी. चाळीच्या जिन्याशी एक फौजदार उभा. “पाचापेक्षा जास्त माणसं जमवायची नाहीत.”

“मग काय सवाष्णी चार चार बोलवू?” परबकाकू कडाडल्या. “तुमची मंडळीपण यायची हाय नायगावच्या पोलीस लाइनीतून. तिला परत पाठवू? घरी जाऊन काय सांगाल?” फौजदाराने टोपी काढून घाम पुसला. काकूंनी त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. वरती गच्चीवर बायका मावत नव्हत्या.

वहिनी आल्या तेव्हा मात्र कोणी पुढे होईना. मग फर्नांडिसबाईच उठल्या, गुलाबाचं फूल घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “या. मीपण इथे पहिल्यांदाच आलेय. मलापण यातलं काही येत नाही.” सगळ्या खो खो हसल्या. पुढचा तासभर नुसता गलका. पाळणाघरातल्या बाळाच्या बदलीची गोष्ट सगळ्यांनी मिळून एकदम सांगितली, त्यामुळे वहिनींना अर्धीच कळली, पण त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. बाईंच्या हुद्द्याचं सांगितलं तेव्हा हसायच्या थांबल्या.

“नाव घ्या! वहिनी, नाव घ्या!” कोणीतरी सुरू केलं. त्यांनी लाजत एक जुनाच उखाणा घेतला. बायका कुठल्या ऐकताहेत! “जुना नको! नवा घ्या!” वाणाची स्टीलची वाटी वहिनींच्या हातात होती. ती त्यांनी खाली ठेवली, फर्नांडिसबाईंकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“संक्रांतीचं वाण म्हणून नको मला वाटी,
गजाननराव सही करणार फर्नांडिसबाईंसाठी!”

गच्ची कोसळते की काय असं वाटलं. परबकाकूंनी वहिनींना मिठी मारली. सखूबाई शिट्टी वाजवायच्या ते मला तेव्हा कळलं.

आता सांगा, असा उखाणा हाती आल्यावर मी काय करायचं? ‘नाव घ्या’ सदरात पहिल्या जागी घातला, खाली वहिनींचं नाव आणि पत्ता, मलबार हिल. पेडणेकरांनी खिळे जुळवता जुळवता चष्मा वर केला. “बाय, ह्यां भाऊसाहेबांनी बघितल्यानी काय?”

“पाचवं पान ते कधी बघतात?”

“ता पण खराच,” म्हणाले आणि पान आवळलं.

शनिवारी अंक निघाला आणि दुपारपर्यंत उखाणा गिरगावपासून वरळीपर्यंत पोचला. नळावर, गिरणीच्या फाटकाशी, भाजीवाल्यांकडे तोच. इकडे मला वहिनींची काळजी. त्या बिचारीला घरी बोलणी बसली तर? तेवढ्यात कचेरीत फोन आला. वहिनीच.

“अंक मिळाला हो. आणखी चार-पाच पाठवा.”

“वहिनी, साहेब रागावले का?”

“त्यांनी कुठे पाहिलाय! ते पहिलं पान वाचतात, त्यातल्या शिव्या मोजतात आणि अंक ठेवून देतात. मी वाट बघतेय.”

वाट फार बघावी लागली नाही. पुढच्याच आठवड्यात दादरला एका शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन गजाननरावांच्या हस्ते होतं. बाहेर नेहमीप्रमाणे काळी निशाणं घेऊन पोरं उभी. आत पुढच्या साऱ्या रांगा लालबाग आणि नायगावने भरलेल्या. साहेब भाषणाला उभे राहिले, “बंधू आणि भगिनींनो” म्हणाले, आणि परबकाकूंनी सूर लावला, “संक्रांतीचं वाण म्हणून नको मला वाटी...”

“गजाननराव सही करणार फर्नांडिसबाईंसाठी!” अख्खा हॉल गरजला.

साहेब पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, ही नवी घोषणा, आता दगड येणार. मग शेजारी पाहिलं. वहिनी पदरात तोंड घालून हसून गदगदत होत्या. माईक चालू आहे हे विसरून साहेबांनी विचारलं, “हे तुमचं?”

“माझंच. पेपरात आलंय,” वहिनी म्हणाल्या. तेही सगळ्यांनी ऐकलं.

मंत्र्याला विरोधकाचं बोलणं खोडता येतं, वर्तमानपत्राची बातमी खोटी म्हणता येते. स्वतःच्या बायकोने घेतलेलं नाव भरसभेत खोटं कसं म्हणणार? गजाननरावांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, “भगिनींनो, मला आज रात्री घरीच जेवायचं आहे. सही होईल.”

टाळ्या थांबेनात. बाहेर निशाणं धरून उभ्या असलेल्या पोरांना आत कसल्या टाळ्या पडताहेत तेच कळेना. कित्येक महिन्यांनी मराठी माणसांच्या टाळ्या ऐकून साहेब इतके खुलले, की शाळेविषयी दोन शब्द बोलायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी बोलावणं धाडलं. समोर अंक पसरलेला. “पहिल्या पानावर आपण ज्यांचा राजीनामा मागतो, त्यांच्या सौभाग्यवतींचा उखाणा पाचव्या पानावर छापतो! बाई, हे दैनिक आहे की मुंज?”

“आपण पाचवं पान वाचता?”

“आजच वाचलं!” ते ओरडले, आणि त्यांना हसू फुटलं. तपकीर नाकात जायच्या ऐवजी अग्रलेखावर सांडली. मग डोळे पुसून म्हणाले, “बातमी लिहा. पहिल्या पानावर घेऊ.” बातमी आली, पण माझ्या नावाने नाही, ‘आमच्या बातमीदाराकडून’. तेव्हा वाईट वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. त्या पेपरात मी केस पिकेपर्यंत काम केलं आणि पाचव्या पानावरूनच निवृत्त झाले.

हुकूम निघाला. फर्नांडिसबाई खात्याच्या प्रमुख झाल्या. त्यांनी पदभार घेतला त्या दिवशी दोन्ही चाळी पेढे घेऊन कचेरीत हजर. पट्टेवाला म्हणाला, “साहेब कामात आहेत.” सखूबाईंनी त्याच्या तोंडात पेढा घातला आणि सगळ्या आत घुसल्या. बाईंची ती नवी खुर्ची फिरती होती. अशी खुर्ची आमच्यापैकी कोणीही जन्मात पाहिली नव्हती. बाई उठल्या आणि म्हणाल्या, “बसा एकेक जण.”

मग काय विचारता! परबकाकू बसल्या आणि कोणीतरी खुर्चीला गिरकी दिली. “अगो थांबवा गो मेल्यांनो!” म्हणून त्या किंचाळल्या. सखूबाई ऐटीत रेलून पट्टेवाल्यावर ओरडल्या, “फाइल आन रं! चा पन आन!” त्याने खरंच आणला. मीही बसले. टेबलाच्या त्या बाजूने खोली किती निराळी दिसते! सगळी माणसं आपल्याकडेच बघत असतात.

वहिनी मागे दाराशी उभ्या होत्या. केव्हा आल्या कोणालाच कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “वहिनी, आता तुम्ही.”

“नको गं, मी कशाला...” म्हणत त्या पुढे आल्या आणि बसल्या. गिरकी द्यायला कोणीतरी हात पुढे केला, पण वहिनींनी नको म्हटलं. दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवून त्या बसून राहिल्या. हसणं आपोआप कमी होत गेलं.

“मी आणि हे कॉलेजात एकाच वर्गात होतो,” त्या म्हणाल्या. “पहिला नंबर माझा असायचा.”

तेवढ्यात एक कारकून लगबगीने कागद घेऊन आला. परळच्या त्याच गिरणीला पाळणाघर वाढवण्याचा आदेश द्यायचा होता, सही आत्ताच हवी होती. वहिनी गडबडून उठू लागल्या. फर्नांडिसबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

“बसा हो,” त्या म्हणाल्या, आणि प्रमुख म्हणून आपली पहिली सही त्यांनी टेबलाशी वाकून, उभ्यानेच केली.